इशापूरची जुनी रायफल अमेरिकेत घ्यायची कशी, साफ करायची कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ओहायोत राहतो. कॉलेजात एनसीसीत असताना .३०३ पहिल्यांदा खांद्याला लागली आणि तिचा धक्का अजून आठवतो. पुढे इथे कायमचा रहिवासी झाल्यावर भारतात, इशापूरला बनलेली ७.६२ मिमीची '२ए१' रायफल घेतली. तेव्हापासून मंडळाच्या गणपतीत असो की कुणाच्या घरच्या जेवणात, या रायफलीबद्दल तेच तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरे एकदा नीट लिहून ठेवतो आहे.

सरप्लस रायफल म्हणजे नेमकी कोणती?

सैन्याने किंवा पोलिसांनी वापरून, नवे हत्यार आल्यावर मोडीत न काढता विकून टाकलेली रायफल. अमेरिकेत अशा रायफली आयातदार आणतात आणि परवानाधारक दुकानांतून त्या सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचतात. रशियन मोसिन-नागां, युगोस्लाव्ह माउझर, ब्रिटिश ली-एनफिल्ड ही नेहमी दिसणारी नावे. इशापूरची रायफल याच ली-एनफिल्ड घराण्यातली.

इतक्या रायफली असताना इशापूरचीच का?

इशापूर हे कोलकात्याच्या उत्तरेला हुगळीकाठचे गाव. तिथल्या सरकारी कारखान्यात इंग्रजांच्या काळात .३०३ ली-एनफिल्ड बनू लागली आणि स्वातंत्र्यानंतरही बनत राहिली. १९६२च्या चीन युद्धात आपले जवान हीच, प्रत्येक गोळीला हाताने बोल्ट ओढावा लागणारी .३०३ घेऊन लढले. समोर चिन्यांकडे अर्धस्वयंचलित हत्यारे होती. त्या धड्यानंतर सैन्य ७.६२ मिमीच्या एसएलआरकडे, म्हणजे अर्धस्वयंचलित रायफलीकडे, वळले. पण एसएलआर सगळ्यांच्या हाती पडायला वेळ लागणार होता. तोवर काडतूस तरी एकच असावे, म्हणून इशापूरच्या कारागिरांनी नंबर १ ली-एनफिल्डच्या, म्हणजे जुन्या .३०३च्याच, आराखड्यावर ७.६२ची बोल्ट रायफल बनवली. ती '२ए'. तिची मागची साईट (नेम धरायची पट्टी) २००० मीटरपर्यंतच्या अंतराची होती. ती बदलून ८०० मीटरची बसवली तेव्हा '२ए१' झाली.

बोल्ट रायफलींचे युग जगात संपत आले असताना सैन्यासाठी नव्याने बनलेल्या शेवटच्या काही बोल्ट रायफलींत हिची गणना होते. स्वतंत्र भारताने अडचणीच्या काळात स्वतःच्या बळावर केलेले हे काम आहे. अमेरिकन संग्राहक बराच काळ तिला ली-एनफिल्डची स्वस्त चुलतबहीण समजत आले. मला ते कधीच पटले नाही.

ही जुनी .३०३च आहे ना, नळी बदललेली?

नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे. ७.६२चा दाब .३०३पेक्षा जास्त असतो, म्हणून २ए आणि २ए१ यांचे रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो तो लोखंडी सांगाडा) आणि बोल्ट सुधारित पोलादाचे, नव्याने बनवले गेले. ओळख सोपी आहे. हिचे मॅगझिन (काडतुसे भरायची पेटी) तळाशी चौकोनी, खोक्यासारखे दिसते; .३०३चे तिरके असते. शिवाय बोल्टच्या खाली, दस्ता जिथे बसतो त्या लोखंडी भागाच्या उजव्या बाजूला अशोकस्तंभाचा सिंह, 'आर एफ आय' (रायफल फॅक्टरी इशापूर) ही अक्षरे, '७.६२ एमएम २ए१' आणि वर्ष कोरलेले असते. इंग्रजी अमदानीतल्या रायफलीवर त्याच जागी मुकुट दिसेल.

भारतात, महाराष्ट्रात अशी रायफल विकत मिळेल का?

नाही. .३०३ आणि ७.६२ ही दोन्ही काडतुसे १९५९च्या शस्त्र कायद्याखाली निषिद्ध बोअरमध्ये मोडतात. सामान्य नागरिकाला त्यांचा परवाना मिळत नाही. सरकारी कारखान्याची .३१५ स्पोर्टिंग रायफल याच कारणाने निघाली. तिचा सांगाडा ली-एनफिल्डचाच, पण काडतूस नागरी. अमेरिकेत घेतलेली रायफल, तिचा एखादा भाग किंवा एक रिकामे काडतूससुद्धा सामानात घालून मुंबईला नेण्याचा विचार करू नका. विमानतळावर खिशात सापडलेल्या एका काडतुसावरूनही गुन्हे दाखल झालेले आहेत.

मी एच-१बी वर आहे. घेऊ शकतो का?

हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. आपल्यातले बरेच जण इथेच चुकतात, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर देशात आलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगण्यास मनाई आहे. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ हे सगळे व्हिसा त्यात आले. कायद्यात काही अपवाद आहेत. त्यातला आपल्या कामाचा म्हणजे कुठल्याही राज्याने दिलेला, मुदतीतला शिकारीचा परवाना. 'बाळगणे' या शब्दाचा अर्थ फक्त विकत घेणे असा नाही. मित्राबरोबर रेंजवर जाऊन भाड्याची रायफल हातात घेणे हासुद्धा ताबाच. हे न जाणता रेंजवर हसत हसत फोटो काढणारे आपले लोक मी पाहिले आहेत. अशा गुन्ह्याची नोंद झाली तर फौजदारी खटला एकीकडे आणि व्हिसा, ग्रीन कार्ड दुसरीकडे, दोन्ही धोक्यात येतात.

ग्रीन कार्डधारकाला घेता येते. नवरा-बायकोपैकी एकाकडे ग्रीन कार्ड आणि दुसरा अजून एच-१बीवर असेल, तर घरात बंदूक आणण्यापूर्वी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. तिजोरीची किल्ली कोणाकडे, या एका गोष्टीवरही 'ताबा' ठरू शकतो. आणि ज्याला घेता येत नाही त्याच्यासाठी दुसऱ्याने आपल्या नावावर घेणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

ग्रीन कार्ड आहे. खरेदीची पद्धत काय?

परवानाधारक दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरायचा, पार्श्वभूमी तपासली जाते, मग रायफल मिळते. ऑनलाइन पाहिलेली रायफलसुद्धा घरी येत नाही. ती तुमच्या गावच्या परवानाधारकाकडे येते आणि तिथे हेच सोपस्कार होतात.

जुन्या शस्त्रांचा छंद खरोखर जोपासायचा असेल तर संग्राहकाचे संघीय लायसन्स मिळते, ३ वर्षांना ३० डॉलर. ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपातली शस्त्रे त्यावर थेट मागवता येतात. प्रत्येक खरेदी-विक्रीची वहीत नोंद ठेवावी लागते आणि ती नोंद चोख हवी.

याशिवाय राज्याचा कायदा वेगळा. न्यू जर्सीत आपली वस्ती मोठी आहे, आणि तिथे आधी खरेदीदाराचे ओळखपत्र लागते. इलिनॉयमध्ये फोइड कार्ड, म्हणजे बंदूकधारकाचे ओळखपत्र, लागते. दुकानदाराच्या तोंडी शब्दावर विसंबू नका, राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा.

दुकानात रायफल हातात घेतल्यावर काय काय पाहू?

आधी बोल्ट मागे ओढून चेंबर (काडतूस बसते ती जागा) रिकामे आहे हे डोळ्याने पाहा आणि करंगळीने चाचपा. दुकानदाराने 'रिकामी आहे' म्हटले तरी.

मग आकडे जुळवा. बोल्टच्या दांड्याच्या मुळाशी असलेला क्रमांक आणि रिसीव्हरवरचा क्रमांक एकच हवा. बोल्ट आणि रिसीव्हर कारखान्यात एकमेकांशी घासून जुळवलेले असतात. आकडे वेगळे म्हणजे तो बोल्ट दुसऱ्या कुठल्या रायफलीचा आहे. अशी रायफल टाकाऊ ठरत नाही, पण तपासणीशिवाय झाडायची नाही.

त्यानंतर नळी. बोल्ट बाहेर काढायला सांगा. नंबर १ घराण्यात बोल्ट पूर्ण मागे आणून बोल्टचे डोके वर उचलले की तो पट्टीवरून सुटतो आणि मागून निघतो. चेंबरच्या बाजूने प्रकाश टाकून पुढून पाहा. आटे (नळीच्या आतल्या पिळाच्या खाचा) तीक्ष्ण दिसले तर उत्तम. नळी काळपट असेल तर घाबरू नका. वर्षानुवर्षांच्या मळाने ती तशी दिसते आणि साफ केल्यावर कित्येकदा छान निघते. बारीक खड्डे असलेल्या नळ्याही नीट मारा करतात. पण नळीच्या तोंडाशी आट्यांच्या कडा एका बाजूने झिजून गोल झालेल्या असतील तर विचार करा. नळी साफ करायची, धुळीने माखलेली दोरी वर्षानुवर्षे तिरकी ओढल्याने ही झीज होते, आणि गोळी नळीतून सुटताना शेवटचा स्पर्श त्याच कडांना होतो.

लाकडात मनगटाजवळ, म्हणजे दस्ता लोखंडाला भिडतो तिथे, तडा आहे का पाहा. इशापूरच्या कित्येक रायफलींच्या पुढच्या लाकडातून एक आडवा स्क्रू गेलेला दिसतो. तो नंतर कुणी ठोकलेला नाही. लाकूड फाटू नये म्हणून कारखान्यानेच दिलेले बळ आहे ते.

आणि नळी कापून आखूड केलेली, 'जंगल कार्बाइन' म्हणून विकायला ठेवलेली २ए१ दिसली तर ती सोडून द्या. भारतीय सैन्याने अशी २ए१ वापरली नाही. हे काम इकडच्या व्यापाऱ्यांचे.

हेडस्पेस म्हणजे काय? दुकानदार म्हणतो 'ठीक असेल'.

'ठीक असेल' हे उत्तर नव्हे. बोल्ट बंद झाल्यावर काडतुसाला मागे-पुढे किती जागा उरते ते हेडस्पेस. ती जागा जास्त असेल तर काडतुसाची पितळी केस (नळकांडी) ताणून फाटते आणि तप्त वायू चेहऱ्याकडे येतात. बंदूक दुरुस्त करणारा जाणकार दोन-तीन पोलादी गेज घालून पाच मिनिटांत ती मोजतो. गेज ७.६२ची हवीत. .३०३ काडतूस मागच्या कडेवर टेकते तर ७.६२ खांद्यावर, त्यामुळे एकाची गेज दुसऱ्याला चालत नाहीत.

नंबर ४ रायफलीला ० ते ३ आकड्यांची बोल्टहेड असतात आणि ती बदलून फरक काढता येतो. नंबर १ घराण्यात असे आकडे नाहीत, निवडून बसवावी लागतात. घरच्या घरी कुठले तरी बोल्टहेड फिरवून लावू नका.

'डी पी', 'ई वाय' असे शिक्के दिसतात, त्यांचा अर्थ?

'डी पी' म्हणजे फक्त कवायतीसाठी. एनसीसीत आपण खांद्यावर घेऊन मिरवल्या त्यांतल्या कितीतरी अशाच होत्या. ती कधीही झाडायची नाही, वरून कितीही सुंदर दिसो. 'ई वाय' म्हणजे अगदी निकडीलाच गोळी झाडायची. पुढच्या लाकडाभोवती तांब्याची तार गुंडाळलेली रायफल ग्रेनेड फेकण्यासाठी वापरलेली असते. संग्रहाला ती छान, पण झाडण्यासाठी मी दुसरी निवडीन.

इशापूरच्या .४१० मस्केटही बाजारात दिसतात. .३०३ची नळी गुळगुळीत करून पोलिसांसाठी बनवलेली एकबारी बंदूक ती. मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा असतो. नावात .४१० असले तरी दुकानातले .४१० शॉटगनचे काडतूस तिच्या मूळ चेंबरसाठी नाही.

खडकीची .३०३ काडतुसे मिळत आहेत. पुण्याची म्हणून घ्यावीशी वाटतात.

भावना समजते. पितळेच्या बुडावर 'के एफ' आणि वर्षाचे आकडे पाहिले की मलाही खडकी बाजार आणि ते स्टेशन आठवते. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. त्या दोन अक्षरांत पुण्याचा एक मोठा कामगारवर्ग सामावलेला आहे. संग्रहासाठी चार काडतुसे जरूर ठेवा.

झाडण्यासाठी मात्र नको. या जुन्या काडतुसांत कॉर्डाइटच्या, म्हणजे जुन्या पद्धतीच्या दारूच्या, काड्या असतात आणि दशकानुदशके कुठल्या कुठल्या गोदामांत पडून ती बिघडली आहेत. केसची मान फाटणे आणि उशिरा बार होणे या तक्रारी जगभर आहेत. उशिरा बार म्हणजे चाप ओढला, खट्ट झाले, काहीच नाही, आणि क्षणभराने गोळी सुटली. तुम्ही त्या क्षणात बोल्ट उघडलात तर काय होईल, याची कल्पना करा. कुठलेही काडतूस फुसके निघाले तर रायफल निशाणाकडेच रोखून ३० सेकंद तरी थांबा, मगच बोल्ट उघडा. वरून या काडतुसांच्या टोपीतला (दारू पेटवणाऱ्या बुडाकडच्या भागातला) मसाला नळी गंजवणारा. त्याबद्दल खाली लिहिले आहे.

आणि मुळात २ए१ला .३०३ लागतच नाही. दुकानात गर्दीच्या वेळी चुकीचा डबा उचलला जातो, म्हणून हे सांगून ठेवतो.

२ए१मध्ये .३०८ विंचेस्टर चालेल का?

मोजमापे जवळपास सारखी आहेत, त्यामुळे ते आत बसते. या प्रश्नावर संग्राहकांत दोन तट आहेत. माझे मत असे: रायफल ७.६२च्या लष्करी काडतुसासाठी बनली, तिला तेच द्यावे. शिकारीसाठी जास्त वेगाने भरलेली .३०८ची काडतुसे पन्नास-साठ वर्षांच्या, मागे लॉक होणाऱ्या बोल्टवर कशाला लादायची?

रायफल घरी आली. पहिले काम?

काडतुसे असलीच तर दुसऱ्या खोलीत, कुलपात. मग चेंबर पुन्हा तपासा. नंतर कागद-पेन घेऊन प्रत्येक शिक्का, आकडा, अक्षर टिपून फोटो काढा. हे सफाईच्या आधीच करायचे, कारण पुसट शिक्के मळ भरलेला असतानाच नीट वाचता येतात.

ग्रीस कसे काढू?

गोदामात ठेवताना हत्यारे मेणासारख्या तपकिरी पेट्रोलियम ग्रीसमध्ये बुडवतात. अमेरिकेत त्याला कॉस्मोलीन म्हणतात. पूर्व युरोपातून आलेल्या रायफली त्यात अक्षरशः न्हालेल्या असतात. इशापूरच्या रायफलींवर बहुधा जुने वाळलेले तेल आणि धूळ यांचा चिकट थर जास्त.

धातूच्या सुट्या भागांना रॉकेल किंवा मिनरल स्पिरिट, एक जुना टूथब्रश आणि वेळ, इतके पुरते. पेट्रोल नको, आगीशी खेळ आहे तो. काम मोकळ्या हवेत, हातमोजे घालून करा. अनेक इशापूर रायफलींच्या लोखंडावर काळा रंग दिलेला असतो. अ‍ॅसिटोन किंवा गाडीचे ब्रेक धुण्याचे स्प्रे तो रंग उतरवतात, म्हणून ती वापरू नका.

लाकडात मुरलेल्या ग्रीसला ऊब लागते. उन्हाळ्यात दस्ता काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून उन्हात ठेवा. तासा-दीड तासाने तेल घामासारखे वर येते. ते पुसा, पुन्हा ठेवा. तीन-चार दिवस हेच. खूप मुरले असेल तर खडूची भुकटी लावली की ती तेल शोषते.

लाकूड सोडवताना एक क्रम मोडू नका: नंबर १ घराण्यात आधी पुढचे लाकूड, मग दस्ता. दस्ता जोडणाऱ्या लांब स्क्रूचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेले असते. पुढचे लाकूड जागेवर असताना तो स्क्रू पिळला तर लाकूड चिरते. आणि स्क्रूड्रायव्हर खाचेत घट्ट बसेल असाच घ्या. खाचा बिघडलेले स्क्रू ही अडाणी हाताची खूण असते.

चेंबर आणि नळी यांतले ग्रीस शेवटच्या कणापर्यंत निघाले पाहिजे. चेंबर तेलकट असेल तर काडतुसाची केस भिंतीला धरत नाही आणि सगळा जोर बोल्टवर येतो. नळीत ग्रीसचा गोळा राहिला तर नळी फुगू शकते, फाटू शकते.

नळी साफ करायला एनसीसीतला पुल-थ्रू चालेल का?

चालेल, आणि २ए१शी तो शोभतोही. आठवते ना, चिंधी ४ बाय २ इंच, तेलाची त्याहून थोडी अरुंद? पितळी वजन चेंबरमधून सोडायचे आणि नळीच्या तोंडातून एका दमात सरळ ओढायचे. उलट कधीच नाही, आणि दोरी कडेला घासू द्यायची नाही. हट्टी मळाला मात्र एकसंध रॉड आणि ब्राँझचा ब्रश लागतो. बोल्ट मागून निघत असल्याने रॉडही चेंबरकडूनच घाला. हिरवी-निळी चिंधी निघाली तर ते गोळीचे तांबे. त्यासाठी तांबे काढणारे द्रावण लावा आणि बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नका.

बंदुकीत गरम पाणी ओततात, हे खरे?

खरे आहे, आणि बरोबरही. जुन्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार झाला की त्याचे पोटॅशियम क्लोराइड होते, म्हणजे एक प्रकारचे मीठच. पावसाळ्यात मिठाची बरणी कशी पाझरते ते आपल्याला माहीत आहे. हे मीठही हवेतली ओल ओढते, आणि ओहायोच्या दमट उन्हाळ्यात एका रात्रीत नळी लाल होते.

मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळते. नुसते तेल लावले तर मीठ तेलाखाली सुरक्षित बसून आपले काम करते. म्हणून ब्रिटिश सैन्यात चेंबरला बसणारे नरसाळे असे आणि नळीतून उकळते पाणी ओतत. पाणी उकळते अशासाठी की नळी तापते आणि ओल आपोआप उडून जाते. खिडकीच्या काचा पुसण्याचे अमोनियाचे द्रव बरेच जण फवारतात. त्यातही काम करते ते पाणीच.

झाडल्या त्याच दिवशी, बोल्ट काढून, नळीचे तोंड खाली करून पाणी ओता. लाकडात जाऊ देऊ नका. बोल्टचा पुढचा भाग आणि एक्स्ट्रॅक्टरही (रिकामी केस बाहेर ओढणारा आकडा) धुवा, लोक तेच विसरतात. मग कोरड्या चिंध्या, मग तेल. पुढचे दोन-तीन दिवस रोज एक चिंधी फिरवून पाहा.

कुठली काडतुसे गंजवणारी, हे डब्यावरून नेहमी कळत नाही. जुने लष्करी काडतूस झाडले की पाणी ओतायचे, हा माझा नियम. आजच्या कारखान्यातल्या नव्या काडतुसांना याची गरज नाही.

दस्ता काळाकुट्ट आहे. पॉलिश पेपरने घासू का?

कृपया नको. मी माझ्या पहिल्या रायफलीच्या बाबतीत हे केले. ती २ए१ नव्हती, .३०३ होती. दोन संध्याकाळ घासून लाकूड मधासारखे उजळले. मग जुने फोटो पाहिले तेव्हा लक्षात आले की दस्त्यावर दुरुस्तीखात्याचे दोन शिक्के होते, ते आता नाहीत. लाकूड पितळी-लोखंडी कडांपेक्षा खालीही गेले होते. ते परत आणता येत नाही. त्याची मला आजही खंत वाटते.

मिनरल स्पिरिटमध्ये भिजवलेल्या फडक्याने मळ काढा, ऊब देऊन तेल काढा आणि थांबा. पडलेले पोचे गरम ओल्या फडक्यावर इस्त्री टेकवून वर येतात, पण शिक्क्याजवळ तेही करू नका, शिक्काही पोचाच आहे. शेवटी जवसाचे तेल, हाताच्या तळव्याने चोळून, अगदी पातळ. एक दिवस वाळू द्या, मग दुसरा हात.

जवसाच्या तेलाच्या चिंध्यांना आपोआप आग लागते?

लागते. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळते आणि त्यात उष्णता निघते. बोळा करून टाकलेल्या चिंधीत ती उष्णता कोंडते आणि चिंधी पेटते. चिंध्या बाहेर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवून ठेवा. गॅरेजच्या कचरापेटीत टाकू नका.

नव्यासारखी काळी करून घेऊ का?

नाही. वरवरचा लाल गंज तेल आणि मऊ ब्राँझ वूलने जातो. त्याच्या पलीकडे जे दिसते ते त्या रायफलीचे वय आहे.

घरात ठेवायची कशी?

कुलूपबंद तिजोरीत. काडतुसे वेगळ्या कुलपात, मुले असोत वा नसोत. फोमच्या पिशवीत महिनोन्‌महिने ठेवू नका, फोम ओल धरतो. तिजोरीत ओल शोषणारी पुडी ठेवा आणि दर दोन महिन्यांनी तेलाचा हात फिरवा.

दस्त्याच्या मागे झाकण आहे, आत काय असते?

तेलाची बाटली आणि पुल-थ्रू ठेवायची जागा आहे ती. आयात झालेल्या बहुतेक रायफलींत रिकामी असते, तरी बोट घालून पाहा. माझ्या २ए१मध्ये बाटली नव्हती. तळाशी घडी घातलेली एक चिंधी होती, तेलाने कडक झालेली, कडा हाताने फाडलेल्या. ती मी धुतली नाही. आहे तशी परत आत ठेवली आहे.